रविवार विकणाऱ्याचा वार कोणता?

वाचकहो, वसईकडचे सांडोर हे गाव आपल्यापैकी काहींना तरी ठाऊक असेल. पापडीच्या शेजारचे, वसईच्या किल्ल्यापासून फार लांब नसलेले, वाड्यांचे, विहिरींचे आणि बावखलांचे हे गाव. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, एवढे वसईबाहेरच्या मंडळींसाठी सांगून ठेवतो. या पट्टीतल्या माणसाला विक्रीचे काम नवे नाही. वसईची केळी, विड्याची पाने, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी धावू लागली आणि हा व्यापार वाढण्यास मोठीच सोय झाली.

आज त्याच रुळांवरून विक्रीच्या कामाला जाणारी आणखी एक मंडळी आहे. त्यांच्या डोक्यावर टोपली नसते. ती मुंबई-ठाण्याकडच्या मोठ्या दुकानांत पगारी नोकरीला जातात. त्यांतली काही दुकाने मोठी गमतीची असतात पाहा. तेथे धान्य नाही, कापड नाही, भांडी नाहीत. तेथे मिळतात तंबू, दोर, डोंगर चढायचे बूट, पाठीवरच्या पिशव्या, विजेऱ्या आणि थंडीत आत शिरून झोपायच्या पिशव्या. घर सोडून रानावनात, किल्ल्यावर, हिमालयात जाणाऱ्याला जे जे लागेल ते सारे एका छपराखाली.

कोणी म्हणेल, अशा दुकानात उभे राहून वस्तू काढून दाखवायच्या, यात कसला आला आहे इतिहास? इतिहास आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोचतो. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

आधी एक साधा प्रश्न विचारू. पूर्वी माणसे बाहेर पडत नव्हती काय? पडत होती. मेंढपाळ आठ-आठ महिने रानात राहत. वारकरी पंढरीला चालत जात. कोळी समुद्रावर रात्री काढीत. त्यांचे सामान मात्र वेगळ्या दुकानातून येत नसे. खांद्यावर घोंगडी, पावसाला इरले, हातात काठी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी. घोंगडी धनगराने विणलेली, इरले बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे. आठवड्याच्या बाजारात दोरखंड विकणारा बसे, त्याला गिऱ्हाइकाचे काम बरोबर कळे. गुराला दावे, बैलाला कासरा, विहिरीला सोल, ओझ्याला चऱ्हाट. दोर दिसायला एकसारखा, पण नावे निराळी, कारण कामे निराळी. आमच्या वसईनेही प्रवासाची एक नामी वस्तू लोकांना दिली. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी! वजनाला हलकी, टिकाऊ आणि पोटाला आधार देणारी. आज डोंगरावर जाणारा जो सुका खाऊ विकत घेतो, त्याची ही जुनी बहीणच म्हणा ना.

मग घराबाहेरच्या मुक्कामाच्या सामानाचा मोठा व्यवहार जुन्या काळी कोठे होत असे? तो होत असे लष्कराच्या छावणीत. शिक्षकमंडळींना राज्याचे अठरा कारखाने आठवत असतील. त्यांतला फरासखाना हा तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे यांचा विभाग. फौज निघाली की हे सारे सामान उंटांवर, बैलांवर लादले जाई. आणि फौजेच्या मागून एक अख्खा बाजार चालू लागे. वाणी, चाटी, लोहार, चांभार, खोगीर शिवणारे, धान्याचे तांडे घेऊन येणारे वंजारी. मुक्काम पडला की पाले उभी राहत आणि दुकाने मांडली जात. आपल्या वसईच्या लढ्याचाच विचार करा. १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षे ती मोहीम चालली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. इतके दिवस फौज उघड्यावर राहायची, तर कोणीतरी तिला पीठ, दोर, नाल आणि चामडे पुरवले असलेच पाहिजे. तटावर चढलेल्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली. शिडीचा दोर विकणाऱ्याचे नाव लिहिण्याची चाल नव्हती.

नाव तर नाहीच, उलट भाषेने त्याची थट्टाच केली. फौजेबरोबरच्या या न लढणाऱ्या मंडळींना आपण ‘बाजारबुणगे’ म्हणत आलो. आजही हा शब्द कोणाला आदराने लावीत नाहीत. दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्या शब्दात पुरेपूर उतरली आहे. ‘शिकला नाहीस तर दुकानात पुड्या बांधशील,’ असे आपण मुलांना म्हणतो, तेव्हा तेच बोलत असतो.

आता दुसरा प्रश्न. गरज म्हणून नव्हे, तर हौस म्हणून माणूस डोंगरात कधीपासून जाऊ लागला? हौसेला काय लागते? पैसा लागतो, हे खरे. पण पैशाच्याही आधी लागतो मोकळा दिवस. ज्याला आठवड्याचे सातही दिवस कामावर जायचे आहे, त्याला राजमाची काय आणि तुंगारेश्वर काय! म्हणून डोंगराच्या सामानाच्या दुकानाचा इतिहास सुट्टीच्या इतिहासापासून सुरू होतो. आणि ही सुट्टी आपल्याकडे आपोआप आली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. त्या वेळी वसईही ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. टपाल आणि रेल्वे खात्यांत काम करून ते मांडवीच्या एका कापड गिरणीत ‘स्टोअर कीपर’ झाले. म्हणजे कोठारातला माल सांभाळणारा माणूस. तेथून त्यांना गिरणीतले जिणे जवळून दिसले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. १८८१ चा कारखान्यांचा कायदा झाला होता, पण त्यात महिन्याच्या चार सुट्ट्या होत्या त्या फक्त लहान मुलांना. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, अशीही एक मागणी होती. सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने कारखान्यांतल्या सर्व कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे वारले.

रविवार हा मराठी घरांत खंडोबाचा वार. सांडोरच्या ख्रिस्ती घरांत तो देवळात मिसेला जाण्याचा वार. म्हणजे दोन्हीकडे तो मानाचाच. पण सरकारी कचेरीबाहेरच्या, गिरणीतल्या गरीब माणसालाही तो हक्काचा मिळाला, तो या कोठारातल्या माणसाच्या खटपटीने. पुढे हळूहळू त्या मोकळ्या दिवसाला पाय फुटले. १९२८ साली हिमालयन क्लब निघाला. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली, आणि मुंबईतही ‘गिरिविहार’सारखी मंडळी डोंगर चढू लागली. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांचे वेड घरोघर नेले. तेव्हा सामान ते काय! हिरवे कापडी हंटर बूट, खाकी पिशवी आणि घरची चादर. गिऱ्हाईक वाढले तशी दुकाने वाढली.

आता त्या दुकानातल्या माणसाच्या कामाकडे वळू. ते काम किती जोखमीचे आहे, हे समजण्यासाठी एक दूरची गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंडच्या सीमेवर मॅटरहॉर्न नावाचे शिखर आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती ते शिखर पहिल्यांदा चढले. उतरताना त्यांतल्या एकाचा पाय घसरला. सातही जण एकमेकांना दोराने बांधलेले होते. मधला दोर तुटला. चार जण कड्यावरून खाली गेले, तीन वाचले. चौकशी झाली. तेव्हा निघाले ते असे, की त्यांच्याजवळ तीन तऱ्हांचे दोर होते, आणि नेमक्या त्या ठिकाणी बांधलेला होता सर्वांत हलका आणि कमजोर. चांगला दोर नव्हता असे नाही. तो जवळच होता! कोणता दोर कोणत्या कामाचा, हे त्या क्षणी पाहिले गेले नाही.

दावे आणि कासरा यांत फरक असतो हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. डोंगराच्या दोरातही तसाच फरक आहे. नायलॉनचा दोर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आला आणि त्याने वाखाच्या दोराची जागा घेतली. त्यातही दोन जाती आहेत. एक ताणला की थोडा लांबतो. चढणारा पडला तर त्या लांबण्याने झटका जिरतो आणि कंबर मोडत नाही. दुसरा फारसा लांबत नाही. तो सामान ओढायला, दोरावरून खाली उतरायला ठीक. पहिल्याच्या जागी दुसरा नेला तर पडणाऱ्याला जबर झटका बसेल. मांडणीवर दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही रंगीत, दोन्ही सुरेख. गिऱ्हाईक रंगावर भाळते. त्याला ‘आपण कोठे जाणार, काय करणार?’ असे आधी विचारणारा माणूस दुकानात असला, तर एका जिवाचे कल्याण होते.

बुटांचेही तसेच. पाय दिवसभरात थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावा. जाड मोजा चढवून पाहावा. पुढे अंगठ्याला थोडी जागा राहावी, नाहीतर डोंगर उतरताना बोटे बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखे काळी पडतात. पाठीवरच्या पिशवीचे ओझे खांद्यांवर लटकू नये, कमरेच्या पट्ट्याने ते कमरेवर बसावे. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी वाहणाऱ्या आपल्या बायकांना ओझ्याचे हे शास्त्र कधीचेच ठाऊक आहे. झोपायच्या पिशवीत पक्ष्यांची मऊ पिसे भरलेली असतील तर ती कोरड्या थंडीत फार उबदार. पण भिजली की तिची ऊब जाते, म्हणून ओलसर हवेत नेताना ती विचार करून घ्यावी. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाला ‘हे आपल्याला नको’ असे सांगणे. एक दिवस कामणदुर्ग चढून येणाऱ्याला हिमालयातला भारी बूट कशाला? तो न विकणारा माणूस त्या दिवशी मालकाचा थोडा तोटा करतो, पण दुकानाची पत वाढवतो. हे ज्ञान शिकूनच येते. ते ज्याला आहे त्याला बाजारबुणगा म्हणणे आपल्यालाच शोभत नाही.

आता मुख्य मुद्द्याशी आलो. डोंगराच्या सामानाचे दुकान सर्वांत जास्त गजबजते केव्हा? शनिवारी आणि रविवारी! गिरणीतल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या माणसाला सुट्टी असते तेव्हा दुकानातल्या माणसाला कामाचा सर्वांत मोठा दिवस असतो. एकाचा रविवार सजावा म्हणून दुसरा सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. मग या रविवार विकणाऱ्याला स्वतःचा वार कोणता?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो परदेशात. ब्रिटनमध्ये १८८६ साली एक कायदा झाला. त्याचा दिलासा काय, तर अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानात आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त राबवू नये. जेवणाची वेळ धरून ७४! यावरून आधी काय असेल ते ताडावे. १८९९ साली दुसरा कायदा आला, तो बसण्याविषयी. दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे एक तरी बसायची जागा असावी. मार्गारेट बाँडफील्ड ही मुलगी चौदाव्या वर्षी कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागली. दुकानांतले हाल तिने स्वतः सोसले, त्यांची माहिती गोळा करून जगापुढे मांडली, आणि १९२९ साली तीच ब्रिटनच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री झाली. तिचे खाते होते कामगारांचे.

आपल्याकडे कारखान्याला १८९१ साली मिळालेली सुट्टी दुकानाच्या फळीपर्यंत यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९३९ साली मुंबई प्रांताने दुकाने आणि आस्थापना यांविषयीचा कायदा केला. देशातला तो या तऱ्हेचा पहिला कायदा. १९४८ साली त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. रोजचे काम नऊ तास, आठवड्याचे ४८ तास, पाच तासांनंतर एक तास विसावा, आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. म्हणून तर मुंबईत भागाभागाचा बंदचा वार ठरून गेला; दादरची पुष्कळ दुकाने सोमवारी बंद राहत. मात्र एक ध्यानात ठेवा. हा कायदा आरंभी नेमून दिलेल्या शहरांना आणि गावांनाच लागू होता. खेड्यातल्या दुकानातल्या पोऱ्याला त्याचा वारा लागला नाही.

२०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. त्याने एक मोठा फरक केला. दुकान आता वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. पण दुकानाला सुट्टी नसली तरी कामगाराला ती आहे, असे त्याच कायद्याने सांगितले. आठवड्यातून एक दिवस, सलग २४ तासांची. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची. रोजचे तास किती आणि किती माणसांच्या दुकानाला कायदा लागू, हे आकडे सरकार मधूनमधून बदलते. म्हणून नोकरीला लागताना चालू नियम विचारून घ्यावा हे बरे.

यातला बारकावा पाहा. पूर्वी दुकानाला कुलूप लागे, म्हणून सुट्टी सर्वांना दिसे. कुलूप बंद की नोकर मोकळा. आता दुकान उघडेच असते आणि सुट्टी कागदावरच्या पाळीत असते. ती पाळी कोणी पाहायची? ज्याची सुट्टी आहे त्यानेच पाहायला हवी, आणि त्यासाठी ती त्याला माहीत हवी.

बसण्याचे म्हणाल, तर तो प्रश्नही जुना झालेला नाही. केरळात कापड-दुकानांतल्या स्त्रियांना दिवसभर बसू देत नसत. कोझिकोडच्या बाजारातल्या बायकांनी एकी केली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि २०१८ साली केरळने दुकानातल्या कामगाराचा बसण्याचा हक्क कायद्यात घातला. २०२१ साली तमिळनाडूनेही तसेच केले. म्हणजे ब्रिटनने १८९९ साली ज्या आसनाची गोष्ट केली, ते आपल्या देशात कायद्याने मागायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आपल्या वर्गातली किती मुले पुढे अशा दुकानांत जातील, याचा विचार करा. वसई-विरार पट्टीतच नव्हे, शहराजवळच्या कोणत्याही गावात ती संख्या थोडी नसेल. त्यांना दोन गोष्टी शाळेतच सांगता येतील. पहिली अशी, की विकणे ही विद्या आहे. घरातले इरले, घोंगडी, निरनिराळे दोर वर्गात आणायला सांगा. कोणती वस्तू कोणत्या कामाची आणि का, हे मुलांकडूनच वदवून घ्या. ही गंमतही होईल आणि धडाही होईल. दुसरी अशी, की नोकरी धरताना चार प्रश्न न लाजता विचारावे. नेमणुकीचा कागद मिळेल काय? तास किती? सुट्टीचा वार कोणता? जादा कामाचे पैसे कसे? हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. साडेपाच हजार माणसांनी सह्या करून ते आपल्यासाठी आधीच विचारून ठेवले आहेत.

आणि गावकरी मंडळी, आपल्या हातीही थोडे आहे. मुलाला शिबिरासाठी पिशवी घ्यायला जाल, बूट घ्यायला जाल, तेव्हा दुकान मिटायच्या घटकेला जाऊ नका; थोडे लवकर जा. सामान दाखवणाऱ्या मुलीला ‘ए’ म्हणून हाक मारू नका, ‘ताई’ म्हणा. दहा बूट उघडून पाहिल्यावर एकही घ्यायचा नसेल तरी चालेल, पण खोकी तिच्या हाती नीट परत द्या. तिने ‘हा आपल्याला नको, तो घ्या’ असे खरे सांगितले, तर दुकानाच्या मालकाला तेवढे कळवून जा. आणि निघताना जमले तर एक प्रश्न विचारा: ‘ताई, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?’ तिने पटकन वार सांगितला, तर समजावे की हे दुकान बरे चालले आहे.